सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी

गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय चालू आहे. पुतणीच्या दोन वर्षांच्या मुलाला हर्निया आहे आणि डॉक्टरांनी सांगितलंय, सकाळी उपाशीपोटी आणा, दुपारपर्यंत ऑपरेशन होईल, संध्याकाळी घरी न्या. यावर थोरल्या जाऊबाईंचं म्हणणं, "अगं, दात काढल्यासारखं पोराला परत पाठवतात म्हणजे काय? चार दिवस ठेवायला नको?" पुतणी म्हणते, हल्ली सगळीकडे असंच करतात. दोघी माझ्याकडे बघतात. मला वैद्यकातलं काय कळणार? मी जन्मभर इतिहास शिकवला. पण एखादी गोष्ट बरोबर की चूक हे सांगता येत नसलं तर निदान ती कधी आणि का सुरू झाली ते शोधावं, ही जुनी खोड. ते शोधून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवते. घरातलेही वाचतील.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा, की हे 'डे केअर' प्रकरण म्हणजे अमेरिकेचं फॅड. विमा कंपन्यांना खाटेचं भाडं द्यायला नको, म्हणून काढलेलं. अमेरिकेचा त्यात हात आहेच. फिनिक्स शहरात वॉलेस रीड आणि जॉन फोर्ड या दोन भूलतज्ज्ञांनी १९७० साली दिवसापुरतं ऑपरेशन करून घरी पाठवणारं स्वतंत्र केंद्र काढलं आणि पुढे त्याच्या नकला देशभर झाल्या. पण मूळ तिथे नाही. मूळ आहे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत, त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी, आणि तेही मोठ्या माणसांच्या नव्हे तर लहान मुलांच्या दवाखान्यात.

त्या वेळचं ग्लासगो डोळ्यांसमोर आणा. जहाजबांधणीचं शहर, धूर, चाळी, एकेका खोलीत अख्खं कुटुंब. उन्हाचा पत्ता नाही, त्यामुळे मुडदूस झालेली, पायांची धनुष्यं झालेली मुलं गल्लोगल्ली. तिथे मुलांचं इस्पितळ १८८२-८३च्या सुमारास गार्नेटहिल भागात निघालं, पण खाटा शंभरसुद्धा नव्हत्या. म्हणून १८८८ साली जवळच वेस्ट ग्रॅहॅम स्ट्रीटवर एक बाह्यरुग्ण दवाखाना काढला. आपल्या भाषेत ओपीडी. तिथे जेम्स हेंडरसन निकोल नावाचा सर्जन काम करत असे.

या निकोलने १९०९ साली बेलफास्टला ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या वार्षिक सभेत एक निबंध वाचला. त्यात त्याने सांगितलं, की गेल्या दहा वर्षांत त्या दवाखान्यात ८,९८८ मुलांची ऑपरेशनं झाली आणि ती मुलं खाटेवर न ठेवता घरी पाठवली. सुट्टीचे दिवस वगळले तर रोज जवळजवळ तीन! आणि ही काही गळवं फोडण्याची कामं नव्हेत. हर्निया, दुभंगलेला ओठ, जन्मतः वाकडी पावलं, कानामागच्या हाडात साठलेला पू, असली ऑपरेशनं. मुलंही अगदी लहान, कित्येक अंगावर पिणारी.

त्याचं म्हणणं फार साधं होतं. आईच्या अंगावर पिणारं बाळ आईपासून तोडून वॉर्डात ठेवलं तर त्याचं नुकसानच होतं. जखमेवर कोलोडियन, म्हणजे वाळल्यावर पातळ पापुद्रा धरणारं औषध, लावलं की बाळ आईच्या हातांवर सहज घरी जातं आणि तिथे जितकं शांत पडून राहतं तितकं दुसरीकडे कुठे राहत नाही. उलट वॉर्डात एकाला गोवर निघाला की ओळीने दहा जणांना. जुलाबांचंही तेच. आणि हे सगळं इस्पितळात ठेवण्याच्या खर्चाच्या जेमतेम दशांशात होतं, निकाल तितकेच चांगले येतात, असा त्याचा दावा होता.

माझ्यातली शिक्षिका इथे जरा थांबते. हा एका माणसाने दिलेला आपल्याच कामाचा हिशोब. दोन सारखे गट घेऊन तुलना केली, असं काही त्यात नाही. आणि दशांश खर्चाची गोष्ट ऐकली की मला जाऊबाईंचीच शंका येते, की बाळाचं भलं आधी का पैशाचं? पण निकोलच्या व्यवस्थेचा दुसरा भाग बघितला की शंका बरीचशी मावळते. मूल घरी गेलं म्हणजे दवाखान्याचा संबंध संपला, असं नव्हतं. दवाखान्याच्या नर्सेस त्या चाळींत घरोघर जाऊन जखम बघत, पट्टी बदलत. म्हणजे मूल इस्पितळातून काढलं, पण इस्पितळ मुलामागून घरी पाठवलं. लोक निकोलची गोष्ट सांगतात तेव्हा आकडा सांगतात, ८,९८८. या नर्सेसचं नाव कुणी घेत नाही.

आता प्रश्न असा, की एवढं चांगलं होतं तर पुढची पन्नास वर्षं जग थांबलं का?

एक कारण भूल. त्या काळात स्कॉटलंडमध्ये क्लोरोफॉर्मचा जोर. १८४७च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सनने तो वापरात आणला आणि दोन-अडीच महिन्यांत, २८ जानेवारी १८४८ला, न्यूकॅसलजवळच्या विनलॅटनमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी त्याने गेली. ऑपरेशन काय होतं? पायाच्या बोटाचं नख काढायचं! इतक्या किरकोळ कामासाठी मुलगी दगावते, मग भूल दिलेलं मूल नजरेआड करायचं धाडस कोण करील? या क्लोरोफॉर्मचा एक धागा थेट आपल्या शेजारी येतो. मृत्यू श्वास थांबल्याने होतो का हृदय थांबल्याने, हा वाद मिटवायला हैदराबादमध्ये निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग नेमले गेले. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी त्यामागे होते. शेकडो जनावरांवर प्रयोग करून निष्कर्ष काढला, की श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला धोका नाही. तो चुकीचा निघाला. १९११ साली लेव्ही नावाच्या संशोधकाने दाखवलं, की हलक्या भुलेत क्लोरोफॉर्म हृदयाची लयच बिघडवून टाकतो. (माझं माहेर निजामाच्या मुलखातलं. मराठवाड्यातल्या शाळेत आम्हाला निजामाचं बरंच शिकवलं, हे मात्र नाही.)

दुसरं कारण म्हणजे खाट हेच औषध, ही श्रद्धा. हर्नियाच्या ऑपरेशननंतर मोठ्या माणसाला दोन-तीन आठवडे निजवून ठेवत. हललं की टाके उसवतील, ही भीती. १९५५ साली एडिंबरोच्या फर्कारसन यांनी जागेवरच भूल देऊन ४८५ मोठ्या माणसांची हर्नियाची ऑपरेशनं केली, त्यांना लगेच चालतं करून घरी पाठवलं आणि तसं छापलं. तेव्हा कुठे ही श्रद्धा हलू लागली. लहान मुलाचा हर्निया तर आणखी सोपा. जन्माआधी मिटायला हवी होती ती पिशवी मिटलेली नसते, ती बांधून टाकायची. मोठ्यांसारखी स्नायूंची डागडुजी बहुधा लागत नाही. निकोलने ते हातांनी ओळखलं होतं.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. ते म्हणजे आईबद्दलचं मत. इस्पितळाच्या शिस्तीत आई ही अडचण समजली जाई. ती आली की मूल रडतं, गेली की आणखी रडतं, सबब येऊच नये. दुसऱ्या महायुद्धानंतरही लंडनच्या इस्पितळांत आईबापांना आठवड्यातून एखाददोनदा तास-दोन तास भेटू देत. एका मोठ्या इस्पितळाचा नियम तर असा होता, की पहिला महिना भेट अजिबात नाही. मात्र संध्याकाळी सात ते आठ या वेळात, मूल झोपलेलं असताना, लांबून पाहून जावं. हा नियम मी दोनदा वाचला. झोपलेलं असताना!

अपवाद होते. न्यूकॅसलचे जेम्स स्पेन्स १९२०च्या दशकापासून बाळांबरोबर आयांना राहू देत. पण वातावरण बदललं ते एका चित्रपटाने. जेम्स रॉबर्टसन हे टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बींबरोबर काम करणारे समाजसेवक. मुलं वॉर्डात 'रुळतात' म्हणजे नक्की काय होतं हे दाखवायला त्यांनी एक छोटा हातकॅमेरा घेतला आणि एका मुलीचं इस्पितळातलं वास्तव्य रोज ठरलेल्या वेळी टिपलं. मुद्दाम निवडून दाखवलं असा आरोप नको, म्हणून भिंतीवरचं घड्याळही चित्रात ठेवलं. मुलीचं नाव लॉरा, वय अडीचच्या आत, ऑपरेशन बेंबीच्या हर्नियाचं, मुक्काम आठ दिवस. ती मोठ्याने आकांत करत नाही. शहाण्यासारखी राहते, मधूनच आईला विचारते, ओठ आवळते. आईबाप अधूनमधून येतात तेव्हा दर वेळी थोडी आणखी अलिप्त झालेली दिसते. घरी निघायच्या दिवशी आपल्या सगळ्या वस्तू गोळा करून घेते, पण आईचा हात धरत नाही.

१९५२ साली हा चित्रपट लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवला तेव्हा डॉक्टर आणि नर्सेस भडकल्या. ही मुलगी अपवाद आहे, आमची बदनामी चालवली आहे, वगैरे. पण पाहिलेलं पुसता येत नाही. १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीचा अहवाल आला. त्यात ५५ शिफारशी होत्या. भेटीच्या वेळांचं बंधन काढा, लहान मुलांबरोबर आईला राहू द्या, आणि टाळता येत असेल तर मुलाला दाखलच करू नका. शिफारशी लगेच अमलात आल्या नाहीत. १९६१ साली लंडनमधल्या काही आयांना त्यासाठी संघटना काढावी लागली. पण 'दाखलच करू नका' हे वाक्य एकदा सरकारी कागदावर उमटल्यावर निकोलचा जुना निबंध लोकांनी पुन्हा बाहेर काढला.

आमच्या घरात एक लॉरा होऊन गेला. माझा धाकटा भाऊ. मी चौथीत होते, तो तीन वर्षांचा. जिल्ह्याच्या गावी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आपल्याकडे इस्पितळात आई खाटेखाली चटई टाकून राहतेच, हे खरं, पण त्याला ठेवलं होतं पुरुषांच्या वॉर्डात आणि तिथे रात्री बायकांना थांबायला बंदी. म्हणून रात्री वडील थांबत. आमच्या वेळचे वडील म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. तीन वर्षांच्या मुलाला ते जवळजवळ परकेच. नऊ दिवसांनी तो घरी आला तो माझ्या कडेवर बसून. आईकडे दोन दिवस गेला नाही. आई स्वयंपाकघरात पाठ फिरवून भाकऱ्या थापत होती, तिचा चेहरा मला दिसला नाही. भाऊ हे वाचून म्हणेल, मला काहीच आठवत नाही. नसेल आठवत. त्या इस्पितळात वाईट कुणी नव्हतं. नियम होता.

पुढे १९७५ साली डग्लस नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९४६ साली जन्मलेल्या मुलांच्या मोठ्या गटाच्या नोंदी तपासल्या. पाच वर्षांच्या आत आठवड्याहून जास्त किंवा वारंवार इस्पितळात राहिलेल्या मुलांत, वयात आल्यावर वागणुकीच्या आणि वाचनाच्या अडचणी जास्त दिसल्या. यात कारण इस्पितळच, असं ठामपणे म्हणता येत नाही. आजारीच जास्त असतील ती मुलं. पण चिंता करण्यासारखी गोष्ट खरी.

असो. मग तंत्रंही आली, ती भराभर सांगते. हॅलोथेन ही भूल १९५६ साली मँचेस्टरमध्ये पहिल्यांदा वापरली. ती इथरसारखी नाकाला झोंबत नाही. १९७०च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी, बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू सांगणाऱ्या यंत्राचं तत्त्व शोधलं. तोच चिमटा करोनात घरोघर झाला. १९८१ साली लंडनमध्ये आर्ची ब्रेन यांनी घशात श्वासनलिकेच्या तोंडाशी बसणारा रबरी मास्क केला, त्यामुळे लहान ऑपरेशनला नळी आत घालायची गरज पुष्कळदा उरली नाही. १९९०पासून जपानात सेवोफ्लुरेन आलं, त्याने मूल लवकर झोपतं, लवकर जागं होतं. आणि मूल झोपलेलं असतानाच माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देतात, त्याने उठल्यावर काही तास खालचा भाग दुखत नाही. उपवासाचा जाचही कमी झाला. पूर्वी मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंब नाही. आता बऱ्याच ठिकाणी भुलेच्या एक-दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. दूध मात्र नाही. आज्यांनी हे नीट ऐकावं, कारण "घोटभर दूध दिलं, रडत होता" म्हणून ऑपरेशन पुढे ढकललेलं मी ऐकलं आहे.

आपल्याकडे याचा फायदा आणखी एका अंगाने. माझ्या वर्गातला एक मुलगा हर्नियासाठी तालुक्याच्या पलीकडे गेला तो तीन आठवडे शाळेत आला नाही. त्याची आई रोजाने शेतावर जाणारी. तिचा तेवढा रोज बुडाला, मागे राहिलेल्या दोन मुली शेजारणीकडे जेवल्या. इस्पितळातली एक खाट म्हणजे घरातली किती माणसं अडकतात, हे कुठल्याच बिलात येत नाही. आणि गंमत म्हणजे आपल्या विम्याचा नियम बराच काळ याच्या उलटा होता. चोवीस तास दाखल असाल तरच पैसे. पुढे एका दिवसात होणाऱ्या ऑपरेशनांना त्यातून सूट मिळाली, तरी अजूनही पॉलिसी नीट वाचलेली बरी.

पण जाऊबाईंची भीती मी नुसती हसण्यावारी नेणार नाही. सगळ्याच मुलांना संध्याकाळी सोडत नाहीत आणि सोडू नये. जी बाळं दिवस भरायच्या आधी जन्मली, ती साध्या हर्नियानंतरही रात्री श्वास घ्यायचं मध्येच थांबू शकतात, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झालं. म्हणून अशा तान्ह्या बाळांना रात्रभर नजरेखाली ठेवतात. टॉन्सिल्स मोठे झाल्यामुळे झोपेत ज्याचा श्वास अडकतो, त्या मुलाचंही तसंच. टॉन्सिल्स काढल्यावर रक्तस्राव पहिल्या दिवशी होऊ शकतो, तसा पाचव्या ते दहाव्या दिवशीही होऊ शकतो, म्हणजे चार दिवस ठेवूनही तो चुकत नाही. तिथे आईबापांना काय सांगितलंय आणि घर किती लांब आहे, यावर सगळं.

आणि एक गोष्ट आहे जी निकोलच्या बाजूने बोलणाऱ्यांनी विसरू नये. टॉन्सिल्स काढून घरी पाठवलेल्या मुलांना दुखण्यासाठी कोडीन देण्याची पद्धत अनेक देशांत होती. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं. ती गाढ झोपतात, श्वास मंदावतो. आईला वाटतं, दमलंय, झोपू दे. अशी काही मुलं दगावली, तेव्हा २०१३ साली अमेरिकेच्या औषध खात्याने मुलांना टॉन्सिल्सनंतर कोडीन देऊ नये असा कडक इशारा काढला. इस्पितळात असती तर रात्रपाळीच्या नर्सने चिमट्यावरचा आकडा पाहिला असता. आई शेजारीच होती, पण तिला कुणी सांगितलं नव्हतं, काय बघायचं ते.

म्हणून मी पुतणीला एवढंच म्हटलं, की 'संध्याकाळी सोडणार का' हे विचारून झालंय. आता 'रात्री फोन केला तर उचलणार कोण' ते विचार. नाव आणि नंबर कागदावर लिहून घे. दुखण्याचं औषध कोणतं, किती, आणि किती तासांनी, तेही. ग्लासगोच्या नर्सेस जिने चढून येत, आता त्या येणार नाहीत. मग त्यांच्या जागी काय ठेवलंय, हे विचारायचा आपला हक्क आहे.

निकोलच्या व्यवस्थेतलं एक कलम सांगायचं राहिलं. ज्यांचं घर लांब आहे, किंवा जे बाळ आईपासून तोडायचं नाही पण लगेच घरीही धाडायचं नाही, त्यांच्यासाठी त्याने इस्पितळाजवळ एक घर भाड्याने घेतलं होतं. आया तिथे बाळासह राहत. हे वाचताना मला दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आठवली. टाटा हॉस्पिटलला गावाकडून आलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना ती वर्षानुवर्षं आसरा देते. मेळघाटातून किंवा गडचिरोलीतून शहरात आणलेल्या मुलाला 'संध्याकाळी घरी न्या' म्हणून सांगितलं, तर त्याने जायचं कुठे? एसटी स्टँडवर? मुलांच्या इस्पितळाला लागून दोन-चार खोल्या, एक मोरी, एक चूल आणि रात्री एकदा डोकावणारी नर्स, एवढ्याने काम भागेल. तशी सोय आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी कुठे आहे का, याची मी सध्या चौकशी करते आहे. शाळेतले जुने सहकारी दोघेतिघे आहेत, त्यांनाही कामाला लावलंय.